दीनानाथ पोतनीसाची स्क्रिप्ट

दीनानाथ पोतनीस स्वतःला पनवेलमधल्या ॲनिमेशनचा बाप समजायचा. लाइन आळीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तो साहेब आणि मी हाताखालची. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे. इथे म्हणणार नाही.

कारखान्यांच्या ट्रेनिंगसाठी आम्ही कॉम्प्युटरवर हलणारी चित्रं बनवायचो. पंप, पाइप, टाक्या, सगळं रेषांचं. ती दाखवणाऱ्या व्ह्यूअरमध्ये स्वतःचं घड्याळ होतं. चित्राच्या फाइलीत एक ओळ लिहायची, 'पातळी दहा सेकंदांत इथून तिथवर चढव', की झालं. मशीन मंद असलं तर पातळी जरा धक्के खात चढायची, पण दहाव्या सेकंदाला बरोबर पोचायची.

दीनानाथला यात कमीपणा वाटे. "एक ओळ काय, शेंबडं पोरही लिहील!" त्याला स्क्रिप्ट हवी. पानंच्या पानं प्रोग्रॅम लिहून तो पातळी केसाकेसानं वर ढकलायचा. मंद मशीनवर प्रत्येक ढकलणं उशिरा होई आणि दहाचे चौदा सेकंद होत. त्याच्या घरच्या नव्याकोऱ्या मशीनवर मात्र दहाच होत, म्हणून जगात सगळीकडे दहाच होतात अशी या महाभागाची खात्री.

२००८ साली त्यानं तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यासाठी परीक्षा बनवली. छोट्या टाकीत ॲसिड भरतं, पातळी लाल रेघेला लागली की व्हॉल्व्ह बंद करायचं बटण दाबायचं. वेळ दहा ते बारा सेकंद, आणि ती मोजायची मशीनच्या घड्याळावर. म्हणजे चित्र एकीकडे, घड्याळ दुसरीकडे. पहिला परीक्षेला बसला उलव्याचा बळीराम, सहा वर्षं कंत्राटावर असलेला. तीन संधी. पास झाला तर कायम, नाहीतर घरी.

पातळी रेघेला लागली त्या क्षणी त्यानं बटण दाबलं. नापास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तिथेच उभी होते. मशीन जुनाट, आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळात चौदा सेकंद झाले होते.

"सर, चूक आपली आहे," मी ऑफिसात येऊन सांगितलं. "पातळी व्ह्यूअरच्या घड्याळावर टाकू. अर्ध्या तासाचं काम."

"अगं सुनीता, तो माणूसच संथ आहे. आणि मशीन कसलं भंगार ठेवलंय त्यांनी!"

नाचता येईना, अंगण वाकडं. मी अर्ध्या तासात नवी फाइल करून ठेवली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. कारखान्याला परस्पर फोन करायची हिंमत मला झाली नाही. त्याच्याबद्दल एवढं तिखट लिहितेय, तर हेही लिहायला हवं. मला नोकरी प्यारी होती.

तिसऱ्या वेळी बळीराम पास झाला. पंधरा दिवसांनी कायम झाल्याचे पेढे घेऊन तो ऑफिसात आला. दीनानाथनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आधी दोन पेढे उचलले.

"कसं काय जमलं हो?" मी विचारलं.

"सोपं हाय, ताई. दोनदा रेघंकडं बघत बसलो, तितंच चुकलो. आता बघतच नाय. मनात दहा मोजायचं नि बटण दाबायचं."

"आणि खऱ्या टाकीवर?"

"तितं पण तसंच. परीक्षेत तेच बरोबर धरलं ना? मंग आमी तेच करनार."

पंपाचा जोर काही रोज सारखा नसतो. एखाद्या दिवशी ॲसिड आठव्या सेकंदालाच रेघ ओलांडेल, आणि हा भला माणूस डोळे असून दहा मोजत उभा राहील.

"बघ," दीनानाथ खात खात मला म्हणाला, "संथ माणूसही शिकतो. स्क्रिप्टच तशी आहे."

आता मात्र मला राहवेना. "बळीराम, मोजू नका," मी म्हटलं. "रेघेकडेच बघा. पहिल्या दोन्ही वेळा तुम्ही बरोबर होतात. चूक आमच्या चित्रात होती."

बळीराम दीनानाथकडे वळला.

"बरोबर होतो, तर नापास कशाला केलंत, सायेब?"

दीनानाथच्या तोंडात पेढा होता. उत्तर टाळायला तेवढं निमित्त त्याला पुरलं.