पोवारदादांची काळजी

दिनकर पोवार गेले ही बातमी मला एका अत्यंत कंटाळवाण्या मीटिंगमध्ये कळली. फोन टेबलावर पालथा ठेवला होता, तो थरथरायला लागला आणि थांबेचना. आमच्या फुटबॉल टीमच्या ग्रुपवर इतके मेसेज फक्त मॅच हरल्यावर येतात, आणि त्या दिवशी मॅच नव्हती. मी फोन सुलटा न करताच उठलो, अल रीम आयलंडवरच्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो आणि मग वाचलं. निखिलने लिहिलं होतं, 'दादा गेले.' दुबईत जन्मलेला हा मुलगा एरवी सगळं इंग्रजीत लिहितो. शारजाला दादांच्या घरी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. राग मात्र येत होता, सिग्नलवर, पुढच्या गाडीवर, सगळ्यांवरच. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. राग गेलाय असं म्हणणार नाही, पण लिहिता येईल इतपत तो खाली बसलाय.

पोवारदादा कोल्हापूरचे. पेठेतल्या तालमीच्या टीमकडून स्टॉपर म्हणून, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध, खेळलेले. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलबद्दल बोलायला लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं, हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. शारजात त्यांचा नि त्यांच्या मेव्हण्याचा एसी मेंटेनन्सचा धंदा होता, राहायला तिथल्याच रोल्ला भागात. शनिवारी सकाळी भाड्याच्या टर्फवर आपली माणसं खेळतात असं ऐकून मी गेलो आणि 'गोलकीपर आहे' असं सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पुण्याचा गोलकीपर? मागनं वरडतोस का?" मी विचारलं, म्हणजे? "म्हंजे काय म्हंजे? तुला सगळं ग्राऊंड दिसतंय. आम्हाला आमच्या पाठीमागचं दिसत न्हाई. तू मुका असलास तर आम्ही मेलो." मी म्हटलं, बोलण्याचं म्हणाल तर निर्धास्त राहा, सदाशिव पेठेत वाढलोय. ते खो खो हसले आणि माझी टीममध्ये वर्णी लागली.

टीम म्हणजे तरी काय, पोटं सुटलेले इंजिनियर, दोन बँकवाले, एक केटरिंगवाला, एक-दोन मल्याळी दोस्त आणि निखिलसारखी तरुण पोरं. गोल मारायची हौस सगळ्यांना. डिफेन्सला उभं राहा म्हटलं की प्रत्येकाला जुनी दुखणी आठवायची. त्यातून इथल्या नोकऱ्यांचं हे असं! एक राइट बॅक जरा तयार झाला की त्याची बदली रियाधला, लेफ्ट बॅकला लय सापडली की त्याचा व्हिसा खलास. दादा दर वेळी नव्याने सुरुवात करायचे. त्यांची एक पद्धत होती. मॅच झाल्यावर रोल्लातल्या एका कॅफेटेरियात आम्ही कडक चहा आणि पराठे खायला जायचो, तिथे डिफेन्सच्या चौघांनी ज्या क्रमाने मैदानात उभे राहतात त्याच क्रमाने बाकावर बसायचं. त्यात बदल चालायचा नाही. समोर मी. "शेजारचा किती खातोय, कधी उठतोय, कुठं बघतोय, हे तुम्हाला न बघता कळाय पायजे," असं त्यांचं म्हणणं. आम्ही चेष्टा करायचो, पण बसायचो. गणपतीत कुणाच्या घरी जेवायला गेलो तरी ते चौघे त्याच क्रमाने पंगतीला बसायचे आणि वाढणाऱ्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

आणि चहाचा पहिला घोट घेतला की दादांचं वाक्य ठरलेलं. "डिफेन्सची काळजी हाय."

हरलो तर ठीक आहे हो. पण जिंकलो तरी तेच! एकदा आम्ही एका नावाजलेल्या टीमला पाच-शून्यने धुतलं. माझ्याकडे बॉल आला असेल तो पाणी प्यायला आल्यासारखा. पोरं नाचत होती, केटरिंगवाल्याने जिलबी आणली होती. दादांनी घोट घेतला आणि म्हणाले, "डिफेन्सची काळजी हाय. तिसऱ्या गोलनंतर तुमी दोघं एकाच बॉलवर गेला. मागं कोण, तुमचा काका ऱ्हाणार हुता?" माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, अहो, एकदा तरी तोंडातून चांगला शब्द काढा की, जिलबी तरी गोड लागू द्या. ते शांतपणे म्हणाले, "जिलबी ग्वाड हाय. त्यात काय करण्यासारखं न्हाई." मला तेव्हा ते वाक्य निव्वळ खवचटपणाचं वाटलं. खवचटपणा पुण्याबाहेरही असतो, हे मी त्यांच्याकडे बघून मान्य केलं होतं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात आमच्यावर सगळे गोल एकाच बाजूने व्हायला लागले, दादांच्या. ते वळायचे, पण वळेपर्यंत समोरचा गेलेला असायचा. वयाची पन्नाशी ओलांडलेला माणूस, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. त्यांना सांगायचं कसं, यावर ग्रुपबाहेर आमची बरीच कुजबुज झाली. पण सांगायची वेळच आली नाही. एका शनिवारी कॅफेटेरियात ते नेहमीच्या जागेवर बसलेच नाहीत. निखिलच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तिथे बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी आले. "हितनं पुढं ह्यो." बस, एवढंच. निखिल म्हणाला, "दादा, I'm not ready." दादा म्हणाले, "म्हाइताय. म्हणूनच काळजी हाय. पराठा खा."

मग आठ-पंधरा दिवसांनी कळलं की त्यांचे रिपोर्ट आलेत. मी फोन केला. काय निघालं? "फुफ्फुसात गाठ हाय म्हणालेत. काळजीचं काय कारण न्हाई," असं म्हणून ते लगेच निखिल हेडरला उडी कधी मारतो यावर घसरले. मी हो हो करत राहिलो. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं.

थोड्या वेळाने दादांच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला. "भावजी, हे मला म्हणालेत काळजीचं कारण नाही. तुम्हाला काय बोलले?"

"तेच."

"तेच शब्द?"

"तेच शब्द, वहिनी."

त्या म्हणाल्या, "म्हणजे मला खरं सांगितलेलं नाही."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन दादांवर अक्षरशः ओरडलो. पाच-शून्यला काळजी वाटते आणि याची वाटत नाही? बायकोला फसवता? आजाऱ्याशी असं बोलू नये वगैरे मला तेव्हा सुचलं नाही. दादा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पुणेकर, ज्यात कायतरी करता येतंय त्याची काळजी करायची असती. निखिल चुकीच्या पायावर हुबा ऱ्हातोय, ते सुधारंल. म्हणून त्याची काळजी. हे सुधारणार न्हाई म्हणालेत डॉक्टर... मग ह्याची काळजी करून काय करू?" मी म्हटलं, हे वहिनींना सांगा. त्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं. वहिनींनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला आणि मग उपचारांची सगळी धावपळ स्वतःच्या हातात घेतली.

शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये. आदल्याच दिवशी आम्ही चार गोल खाऊन सपाटून हरलो होतो, चारही मधून, निखिलच्या जागेवरून. निखिल माझ्याबरोबर यायला तयार नव्हता. दादांचा आवाज अगदी बारीक झाला होता. त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं, एकेक गोल कसा झाला ते सगळं. सांगताना वाटत होतं, हे आता डोळे मिटतील आणि म्हणतील, काळजीचं काय कारण न्हाई... म्हणजे आमचंही संपलं. ते छताकडे बघत म्हणाले, "डिफेन्सची लई काळजी हाय." देवाशपथ सांगतो, त्या खोलीत मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हात धरून हसलो. निखिलला लिफ्टमधूनच फोन लावला. त्याने विचारलं, "He said that? लई?" म्हटलं, लई. पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी टर्फवर होता.

परवा मी रोल्लात वहिनींना भेटायला गेलो होतो. घरात नातेवाइकांची ये-जा चालू होती. दादांचा फोन चार्जरला लावलेला, कारण धंद्याचा नंबर तोच. मेव्हणे कोल्हापूरला परत चला म्हणून मागे लागलेत. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, "हाय अंकल" म्हणून परत पुस्तकात गेली. सगळे उठून गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, एक गोष्ट मनातून जात नाही. माणसानं जाताना निवांत जावं. हे शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, तुझी आन् पोरीची लई काळजी हाय. काळजी करत गेले हो... जीव कुठं अडकला असंल त्यांचा?" आणि त्या रडायला लागल्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना हेच सांगत होता म्हणे, बिचारा काळजीतच गेला.

मी म्हटलं, "वहिनी, स्वतःच्या दुखण्याबद्दल काय म्हणाले होते ते?"

"काळजीचं कारण नाही म्हणून."

"का, ते मला त्यांनी सांगितलंय. ज्यात काही करता येण्यासारखं उरलं नाही त्याची ते काळजी करत नसत. मला सांगा, त्यांना तुमची काळजी नसती तर?"

वहिनी पदराने डोळे पुसता पुसता थांबल्या. तेवढ्यात दादांचा फोन वाजला, अल कासिमियातल्या कुणाच्या तरी घरचा एसी बंद पडला होता. इतके दिवस तो फोन मेव्हणे घेत. वहिनींनी चार्जरची वायर काढली, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "हां जी, बोलिए. मैं मिसेस पोवार बोल रही हूँ."