रेकॉर्ड रूमच्या वहिनी

आमच्या हॉस्पिटलात त्यांना नावाने कुणीच हाक मारत नाही. त्यांचे यजमान ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळ्यांचे दादा; म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. हॉस्पिटलचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणतो, ते वयाने कितीतरी थोर, पण तेही वहिनीच म्हणतात. मी तिथला औषधवाला. माझी खिडकी रेकॉर्ड रूमच्या दारासमोर, त्यामुळे सांगतोय त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वहिनी मूळच्या नर्स, बाळंतपणाच्या वॉर्डातल्या. हात हलका आणि जीभ फटकळ. घाबरलेल्या पहिलटकरणीला त्या इतकं रागवायच्या की ती घाबरायचंच विसरायची. एकदा नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून पाय घसरला आणि गुडघ्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, चालता येऊ लागलं, पण तासन्‌तास उभं राहणं संपलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी बसून आराम करणार का?"

"घरी सासूबाई आहेत," वहिनी म्हणाल्या. "दोघी दिवसभर एका घरात राहिलो तर तुमच्याकडे आणखी दोन पेशंट येतील. मला काहीतरी बसून करायचं काम द्या."

तशा त्या रेकॉर्ड रूममध्ये आल्या. छतापर्यंत रॅक, त्यात कोंबलेल्या फायली, वरच्या खणांसाठी एक लाकडी शिडी. ज्या बाईला जिना जड जातो तिला शिडीचं खातं! फाइल सापडली नाही की पेशंटला नवा कागद मिळायचा आणि डॉक्टर पहिल्यापासून विचारायला लागायचे.

एक दिवस एक बाई तपासणीला आली. तिची आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती. फाइल सापडेना. प्रत्येक खेपेला नवा माणूस, आणि प्रत्येकाला तिने तेच सगळं पहिल्यापासून सांगायचं. त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "मला नाही सांगायचं आता," आणि न तपासताच निघाली. वहिनी लंगडत तिच्यामागे फाटकापर्यंत गेल्या. तिला परत आणून बसवलं, वॉर्डातल्या स्वतःच्या आठवणीतून सगळं लिहून काढलं आणि कागद डॉक्टरांच्या हातात दिला. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "भावजी, हे काही खरं नाही. माझ्या डोक्यात आहे म्हणून आज भागलं. उद्या मी नसले तर?"

तिथून कॉम्प्युटरचं वेड सुरू झालं. आधी एका कंपनीचा माणूस येऊन आपलं सॉफ्टवेअर दाखवून गेला. किंमत ऐकून मोठ्या डॉक्टरांनी फक्त पाणी मागवलं. मग वहिनींनीच शोधून काढलं की हॉस्पिटलच्या नोंदींसाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर असतं. म्हणजे ते कसं बनवलंय ते सगळ्यांना उघड दिसतं, कुणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं. फक्त बसवायचं आपलं आपण. आणि त्या 'फक्त' शब्दात वहिनींचं सगळं वर्ष गेलं.

त्या शिकल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी. दुखरा पाय स्टुलावर, समोर वॉर्डातून काढून टाकलेला कॉम्प्युटर आणि शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाई.

"एवढं काय बघतेस गं?" सासूबाई विचारायच्या. "काळा पडदा, पांढरी अक्षरं. एक चित्र म्हणून नाही."

"आई, हा मला सांगतोय माझं काय चुकलं ते."

"मग त्याला एवढी वीज कशाला जाळायची? मी आहे की."

त्यात किती वेळा तोंडघशी पडल्या याला हिशेब नाही. पण त्यांना एक गोष्ट फार आवडली होती. नुसत्या मशीनवर सगळं बसवण्याऐवजी त्या मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन तयार करता येतात. खरी नव्हेत, पण वागतात अगदी खऱ्यासारखी. बिघडलं तर पुसायचं आणि पुन्हा तयार करायचं. "नर्सिंगमध्ये ही सोय नव्हती," त्या म्हणायच्या.

शेवटी हॉस्पिटलने एक बरासा सर्व्हर घेतला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हा एवढासा डबा. याच्या पोटात तीन मशीन?"

"हो."

"म्हणजे तिळं आहेत म्हणा!"

"तिळंच. पण प्रत्येकाची नाळ वेगळी. एकाला ताप आला तरी दुसऱ्याला लागत नाही."

झालं, थोरला, मधला, धाकटा अशी नावंच पडली. थोरल्यात खऱ्या पेशंटच्या नोंदी. मधला सरावासाठी, नवीन काहीही आधी तिथे करून बघायचं. धाकट्यात लॅबचे रिपोर्ट. शिवाय सगळ्याची एक प्रत रोज आवारापलीकडच्या ॲम्ब्युलन्सच्या गॅरेजमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर जायची. हॉस्पिटलला काही झालं तर गॅरेज तरी वाचेल, हा विचार. दादा कुरकुरायचे, "मी उकाड्यात बसतो आणि हिच्या डब्याला पंखा!" पण त्या पंख्याची धूळ तेच पुसायचे, हेही मी पाहिलंय.

मधल्याला सरावासाठी पेशंट हवे होते. खऱ्यांची माहिती तिथे वापरायची नाही, यावर वहिनी ठाम. मग त्यांनी सगळं सासर भरलं. दादांना दमा लावला, मोठ्या जावेला थायरॉइड, आणि नणंदेला मूळव्याध. नणंद एकदा भेटायला आली, तिने पडद्यावर आपलं नाव वाचलं, आणि त्यानंतर बराच काळ घरातलं बोलणं दादांमार्फत चालू होतं.

पडद्यावरचे शब्द आपल्या भाषेत आणायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. कुणीतरी हौशी माणसाने डिस्चार्जला 'रुग्णमुक्ती' असा शब्द सुचवला होता. वहिनी म्हणाल्या, "मुक्ती म्हटलं की नातेवाईक रडायला लागतील." डिस्चार्ज तो डिस्चार्जच राहिला.

सगळ्यात कडवा विरोध होता बाईंचा. बाई म्हणजे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "मी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघते. पडद्याकडे बघायला लागले तर तिच्या डोळ्यांतलं पाणी कोण बघणार?"

वहिनींनी वाद घातला नाही. आठवडाभर त्या बाईंच्या तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसत्या बसल्या. बाई कधी लिहितात, कधी थांबतात, कुठला प्रश्न कधीच विचारत नाहीत, सगळं पाहिलं. मग पडद्यावरचे निम्मे रकाने उडवले आणि उरलेले बाईंच्या बोलण्याच्या ओघाने लावले. "तुमचं म्हणणं बरोबर होतं," त्या बाईंना म्हणाल्या. "हे बनवणाऱ्यांनी पेशंटला खुर्चीच ठेवली नव्हती." बाई हसल्या. वापरायला लागल्या, मात्र कुरकुर शाबूत ठेवून.

वर्षभर सुरळीत चाललं. रॅक रिकामे होत गेले, आणि दोन मुलं गेलेली ती बाई पुन्हा आली तेव्हा तिला कुणी काहीही विचारलं नाही. तिचं सगळं बाईंच्या समोर होतं. तिला मुलगी झाली. पण तो काही वहिनींचा पराक्रम नव्हे, तो तिचा आणि बाईंचा. वहिनी स्वतःच तसं सांगतात.

मग तो सोमवार आला. सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती निघाली होती. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी वहिनींनी थोरल्याचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे आहे त्या घडीची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवली, आणि अपडेट चढवलं. मधल्यावर नव्या नर्सचं प्रशिक्षण चाललं होतं; त्यांची घडी मोडायला नको म्हणून तिथली तालीम या खेपेला गाळली. थोरला व्यवस्थित सुरू झाला. गर्दी वाढली. सगळं छान दिसत होतं.

चहाचा कप घेऊन वहिनी बाईंच्या दारावरून जात होत्या. आत बसलेल्या पेशंटला पाहून थबकल्या. त्या स्त्रीला वॉर्डात असताना पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास कोंडला होता. ती रात्र वहिनी विसरणं शक्य नव्हतं. त्या आत गेल्या.

"बाई, हिच्या ॲलर्जीच्या लाल पट्टीत काय दिसतंय?"

"काही नाही. कोरी आहे. का?"

वहिनींनी कप टेबलावर ठेवला. दुसऱ्या पेशंटची नोंद उघडली, तिसऱ्याची उघडली. सगळ्यांच्या लाल पट्ट्या कोऱ्या होत्या.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं. वहिनी ओपीडीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वॉर्डातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी थांबा! कॉम्प्युटरवर ॲलर्जी दिसत नाहीये. चूक माझी आहे. पेशंटला तोंडी विचारल्याशिवाय एकही औषध लिहू नका. भावजी, सकाळपासून काय काय दिलंत ते काढा!"

गर्दीत कुजबूज सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आम्हाला विष दिलं की काय?" वहिनी त्यांच्यापाशी गेल्या, गोळ्यांची पुडी हातातून घेतली, वाचली, त्यांना विचारून खात्री केली आणि परत दिली. "नाही काका. पण विचारलंत ते बरं केलंत."

मी सकाळच्या चिठ्ठ्या काढल्या. ज्यांना धोक्याचं औषध गेलेलं असू शकत होतं त्यांना फोन लावले. दोघांचे फोन लागेनात, तर दादा ॲम्ब्युलन्स घेऊन त्यांच्या घरी गेले. दारात ॲम्ब्युलन्स पाहून त्यातल्या एका आजीबाई भांडायलाच उठल्या, मी अजून ठणठणीत आहे म्हणून. सगळे सुखरूप होते.

नोंदी नष्ट झाल्या नव्हत्या, फक्त पडद्यावर येत नव्हत्या. पण आणखी काय लपलंय ते कळायला मार्ग नव्हता. स्नॅपशॉटकडे मागे जावं तर सकाळच्या सगळ्या नोंदी पुसल्या जाणार. वहिनींनी क्षणभर ओठ चावले. मग सकाळचं सगळं कागदावर छापून घेतलं, दोनदा ताडून पाहिलं आणि थोरल्याला मागे नेलं. लाल पट्ट्या भरल्या. दुपारी ओपीडी आटोपल्यावर नर्स, लॅबवाले, मी आणि खुद्द बाई, सगळे बसलो आणि छापलेल्या कागदांवरून नोंदी पुन्हा भरल्या. बाई एका बोटाने टाइप करतात. त्या दिवशी त्यांनी कुरकुर केली नाही.

दोन दिवसांनी बैठक झाली. विश्वस्तांपैकी एकजण म्हणाले, "हे असं घरगुती चालवण्यापेक्षा कंपनी बरी. जबाबदार कोण, ते तरी कळतं."

"ते आत्ताही कळलंय," वहिनी म्हणाल्या. "मीच. तालीम गाळली. रोजचंच काम म्हणून हात सवयीने पुढे गेला. आता मधल्यावर चाललेलं नसेल ते थोरल्यावर चढणार नाही, आणि ते मी एकटीने नाही ठरवणार. दुसऱ्या कुणीतरी तपासून हो म्हणायचं."

यावर बोलल्या त्या बाई. "मी तेवीस, नाही, जाऊ दे, पुष्कळ वर्षं डॉक्टर आहे. भर गर्दीत 'चूक माझी' म्हणून ओरडलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या खोलीतलं मशीन हीच सांभाळेल. तपासून हो मी म्हणेन."

आणि तसंच झालं. आजही अपडेटआधी बाई मधल्यावर बसून नणंदेची मूळव्याध तपासतात.

वहिनींनी झालेला प्रकार सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही सविस्तर कळवला, आपली चूक न झाकता. दुरुस्ती चटकन निघाली. काही दिवसांनी एका लांबच्या बेटावरच्या डॉक्टरांचा निरोप आला. त्यांच्याकडेही तेच अपडेट होतं, पट्ट्या कोऱ्याच होत्या, आणि वहिनींनी कळवलेलं वाचेपर्यंत तिथे कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. तो निरोप वहिनींनी मला वाचून दाखवला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "भावजी, हसताय काय? ॲसिडिटीची गोळी द्या एक."

आता आजूबाजूची लहान हॉस्पिटलं त्यांना बोलावतात. सुट्टीच्या दिवशी दादा गाडी काढतात, मागच्या सीटवर त्या हॉस्पिटलसाठी तयार केलेला सर्व्हर गोधडीत गुंडाळून ठेवलेला, पुढे वहिनी पाय लांब करून. तिथे गेल्यावर पहिला दिवस त्या मशीनला हातही लावत नाहीत. पेशंट कुठून येतो, कुठे थांबतो, कुणाला तेच तेच सांगतो, एवढंच बघत फिरतात. दादा बाहेर झाडाखाली वर्तमानपत्र वाचत बसतात आणि कुणी विचारलं तर सांगतात, "ती आत आहे. वेळ लागेल. एकदा कामाला लागली की माझंसुद्धा ऐकत नाही."