मेरा दरवाज़ा खुला है

“मॅडम, ‘युनियन’ हा शब्द टाळता येईल का? ‘परिवार’ म्हणा,” सबनीस म्हणाले.

दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी माइक तपासत होते. गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणारी फ्रेंच कंपनी. सबनीस तिथले एचआर हेड, मूळचे पुण्याचे. मी मराठी आहे हे कळल्यापासून माझ्याशी मराठीतच बोलत होते.

“वक्ता जे बोलेल तेच मी बोलणार,” मी म्हटलं.

“ते बरोबरच आहे हो. पण तुम्ही आपल्या आहात म्हणून सांगतो. जरा सांभाळून घ्या.”

मी दुभाषी आहे. फ्रेंचमधून हिंदी, हिंदीतून फ्रेंच. वक्ता दोन-तीन वाक्यं बोलून थांबतो, मग मी बोलते. याला आम्ही कॉन्सेक्युटिव्ह म्हणतो. नियम मोजके आहेत. काही गाळायचं नाही. पदरचं काही घालायचं नाही. आणि वक्ता ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं.

कंपनीची शंभरी होती. संस्थापकाचे पणतू, म्हणजे आताचे चेअरमन, फ्रान्सहून आले होते. घराणं कट्टर कॅथलिक. पणजोबांनी मजुरांसाठी घरं, शाळा आणि चॅपल बांधलं, याचा त्यांना मोठा अभिमान. म्हणून आपल्याच गावचे एक म्हातारे इतिहासकार, प्रोफेसर एतियन, त्यांनी सोबत आणले होते. इथल्या कामगारांना तो वारसा कळावा, हा हेतू.

मी स्वतः कॅथलिक. वडील वसईचे, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले ते मयूर विहारमध्ये स्थिरावले. लहानपणापासून चर्चमध्ये संतांची चरित्रं ऐकली. युनियनचा इतिहास कधी ऐकला नव्हता. तयारीसाठी वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळला.

प्रोफेसर आधी लिहिलेलंच बोलले. उत्तर फ्रान्सच्या कापड गिरण्या. यंत्रांवर राबणारी मुलं. चर्चपासून दुरावलेला आणि समाजवाद्यांकडे निघालेला मजूर. मग १८९१ मध्ये पोपचं मजुरांविषयीचं जाहीर पत्र आलं. मालमत्ता ठेवण्याचा हक्क आहे, पण मजुराचं पोट भरेल एवढा पगार देणं हाही धर्म आहे, असं त्यात सांगितलेलं.

फ्रेंचमध्ये ‘पॅत्रों’ म्हणजे कारखान्याचा मालक, आणि गावाचा रक्षणकर्ता संतसुद्धा. प्रोफेसरांनी त्यावर कोटी केली. आमच्या गावात दोन पॅत्रों होते, एकाची प्रार्थना करायची आणि दुसऱ्याला सलाम. असले विनोद भाषांतरात मरतात. पण हिंदीत ‘मालिक’ म्हणजे देवही. मी सरळ तो शब्द टाकला. कँटीनभर हशा पिकला. धंद्यात असे क्षण क्वचित येतात. मी खूश होते.

मग प्रोफेसरांनी कागद बाजूला ठेवला.

“कॅथलिक मालकांना वाटलं, मालक आणि मजूर दोघांनी एकाच मंडळात बसावं. एक कुटुंब. मजूर बसले. त्यांच्या लक्षात आलं, या कुटुंबात बोलतात फक्त वडील. म्हणून त्यांनी आपल्या वेगळ्या ख्रिस्ती युनियन काढल्या. काही मालकांनी थेट रोमकडे, म्हणजे पोपकडे तक्रार केली. रोमने मजुरांच्या बाजूने कौल दिला.”

सबनीस माझ्याकडे बघत होते. मी ‘यूनियन’ म्हटलं.

प्रोफेसर पुढे गेले. तरुण कामगारांची चळवळ. युद्धानंतर सरकारात आलेले ख्रिस्ती विचारांचे पक्ष. डांगरी घालून कारखान्यात राबायला गेलेले पाद्री, आणि त्यांना परत बोलावून घेणारं तेच रोम. ‘तेच रोम’ म्हणताना त्यांचा आवाज जरासा चढला. मीही माझा चढवला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागून एक जण उठला. तिशीचा, अंगावर वेल्डिंगचा जाड निळा कोट.

“साहब, हम ठेके पर हैं। वही लाइन, वही काम, तनख्वाह आधी। पोपसाहब की चिट्ठी हम पर लागू है क्या? हम अपनी यूनियन बना सकते हैं?”

मी ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं. प्रोफेसरांचा चेहरा उजळला. “हाच प्रश्न! तेव्हाच्या मजुरांनी हाच प्रश्न विचारला होता!” असं म्हणत त्यांनी माइक चेअरमनच्या हातात दिला.

चेअरमन उठले. छान बोलतात ते. “या प्रश्नाला धैर्य लागतं. माझे पणजोबा असते तर त्यांनी या माणसाचा हात हातात घेतला असता. माझं दार उघडं आहे. इथे बोलल्याबद्दल कुणाचंही वाईट होणार नाही.”

मी माइकवर म्हटलं, “मेरा दरवाज़ा खुला है। यहाँ बोलने से किसी का बुरा नहीं होगा।”

टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच चेअरमन खाली बसले आणि शेजारच्या फ्रेंच प्लँट हेडला हळूच म्हणाले, “कोण आहे हा? बघून घ्या.”

मी त्यांच्या मागेच उभी होते. प्रोफेसर पलीकडच्या टोकाला होते. कँटीनमध्ये फ्रेंच कळणारं आणखी कुणी नव्हतं. आपसात बोललेलं भाषांतरित करायचं नाही, बाहेर तर न्यायचंच नाही, असं आमच्यात असतं. पैसे कंपनी देत असेल तर जास्तच.

जेवणाच्या वेळी मी त्याला गाठलं. महेंदर नाव, रेवाडीकडचा.

“भैया, आज कोई नाम पूछे तो मत बताना। थोड़े दिन चुप रहना.”

तो हसला. “अरे मैडम, बड़े साहब ने खुद बोला, दरवाज़ा खुला है। आपने ही तो बताया!”

“बोला है। फिर भी.”

“आप डरती बहुत हो.” त्याने माझं कार्ड मागून घेतलं. मुलीला पुढे फ्रेंच शिकवायचं म्हणत होता.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. गेटवर त्याचं हजेरीचं कार्ड चाललं नव्हतं. ठेकेदाराने सांगितलं, तुझी गरज नाही.

“मैडम, एक बात पूछूँ? मेरा सवाल आपने ठीक से बताया था ना? कुछ उल्टा-सीधा तो नहीं हो गया?”

“ठीक बताया था.”

“और साहब का जवाब?”

“वो भी ठीक बताया था.”

“तो फिर?” त्याने विचारलं.

मी सबनीसांना फोन लावला.

“तो आपला एम्प्लॉयीच नव्हता, मॅडम. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. त्याने बदलला.”

“प्रश्न विचारला म्हणून ना?”

“हे बघा, वरून नाव विचारलं, मी दिलं. नसतं दिलं तर माझ्या जागी दुसऱ्याने दिलं असतं. तुम्ही इंटरप्रिटर आहात. तुम्ही तरी कशाला पडता यात?”

मग प्रोफेसरांना मेल केली. ते हादरले. त्यांनी चेअरमनना लिहिलं. उत्तर नम्र होतं. तो मनुष्य आमच्या सेवेत कधीच नव्हता, तरी आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करू. प्रोफेसरांनी ते मला पाठवलं आणि खाली आपल्याकडून जोडलं: पहिला प्रश्न विचारणारे तेव्हाही असेच बाहेर फेकले गेले होते, संघटना त्यांच्या मागून आल्या.

त्यांना धीर द्यायचा होता. पण ते वाक्य मी महेंदरसाठी हिंदीत आणलं नाही. तो तेव्हा गुरुग्रामच्या एका गोदामात माल चढवत होता, पहिल्याहून कमी पगारावर.

काही महिन्यांनी मला कामं देणाऱ्या एजन्सीचा फोन आला. तीच कंपनी, नवा कार्यक्रम. “उन्होंने आप ही को माँगा है, मैम. लास्ट टाइम का फीडबैक एक्सीलेंट था.”

मी तब्येतीचं कारण सांगितलं. त्यांनी दुसरी मुलगी पाठवली.

आमच्या धंद्यात भाषांतर चुकलं की तक्रार येते. माझ्या नावावर आजवर एकही तक्रार नाही.