सुभाषच्या मातीचा दिवस

आमची कंपनी तेव्हा उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टवर होती. मी हवालदार, गाव मुरुड, जिल्हा लातूर. नाईक सुभाष वाघमारे माझ्याच सेक्शनमधला, लोह्याजवळच्या एका खेड्यातला. कंपनीत ख्रिस्ती दोघंच, तो आणि मी. त्याचं ख्रिस्ती असणं सगळ्यांना ठाऊक होतं. माझं फक्त सर्व्हिस रेकॉर्डमध्ये होतं. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

रविवारी 0900 ला मंदिर परेड. धर्म कुठलाही असो, सगळे हजर. सुभाष पुढं बसून ढोलक वाजवायचा आणि मी मागं बसून घड्याळ बघायचो. नंतर कुकहाऊसमागं चहाचे मग घेऊन आम्ही दोघं पाच मिनिटं प्रार्थना करायचो. तिथंही मी आधी इकडं-तिकडं बघून घ्यायचो.

एकदा चिडून विचारलं, "तुला ढोलक वाजवायला चालतं?"

"मान देयाला काय जातंय, उस्ताद? ते बी आपलेच हायत. भ्यायचं ते देवाला. तुम्ही तर माणसालाच लई भिऊन राहिले."

जिव्हारी लागेल असं बोलायचा आणि वर हसायचा. मला ताप आला तेव्हा सलग तीन दिवस माझी ड्यूटीही त्यानंच केली. आपल्या माणसासाठी करायचंच असतं, एवढंच म्हणाला. त्याची एकच मागणी होती. काही झालंच तर त्याला गावी न्यायचं आणि ओढ्यापलीकडं वडिलांच्या कबरीशेजारी पुरायचं. मी हो म्हटलं होतं.

त्या दिवशी 0735 ला गस्तीची तुकडी निघाली. मी पोस्टवर रेडिओ सेटजवळ होतो. 0820 ला आवाज आला.

"बर्फ घसरला. एक जण खाली गेला. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"नाईक वाघमारे. मला ढकलून बाजूला केलं त्यानं."

बोलणारा जवान ओव्हर म्हणायचं विसरला. सुभाष 1140 ला सापडला. श्वास नव्हता.

पार्थिव घरी नेण्यासाठी एस्कॉर्ट म्हणून माझी नेमणूक झाली. हैदराबादपर्यंत विमान, पुढं गाडी. निघण्याआधी सरपंचांचा फोन आला.

"सायेब, आमच्या गावातला ह्यो पहिलाच फौजी. त्याच्या घरात पुरत्यात, पर फौजेची रीत निराळी आसंल. माती कशी करायची?"

पुरायचंय, एवढा एकच शब्द सांगायचा होता. पण मनात आलं, ख्रिस्ती रीतीनं म्हटलं की गर्दी पांगेल, सुभाषचा मान कमी होईल. मी म्हणालो, "गावाच्या पद्धतीनं करा. पूर्ण सन्मानानं." फोन ठेवला. ती चूक माझी. दुसऱ्या कुणाचीही नाही.

देगलूर ओलांडून 1110 ला गावात पोचलो. वेशीपासून शाळेपर्यंत माणसंच माणसं. मैदानात चिता रचून तयार. घराघरातून लाकूड आलं होतं, वर झेंडूच्या माळा.

सुभाषची आई मार्थाबाई शवपेटीजवळ बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"समद्या गावानं मायेनं आणलंय. मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू? तुम्ही आपल्यातले हायत, सुभाष सांगायचा. तुम्ही बोला."

सलामीची तुकडी तयार उभी होती. मी तुकडीच्या सुभेदार साहेबांकडं गेलो.

"साहेब, वेळ लागेल. चूक माझी आहे."

"किती वेळ?"

"अजून माहीत नाही, साहेब."

"जा. नीट करून ये."

सरपंचांच्या हातातला माईक मी घेतला. म्हणालो, "सुभाष ख्रिस्ती होता, ते तुम्हाला ठाऊक आहे. मीही ख्रिस्ती आहे. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. सरपंचांनी विचारलं होतं. मी भिऊन सांगितलं नाही. तुमच्या लाकडांचा अपमान करायचा नाही. पण त्याला त्याच्या वडिलांशेजारी ठेवायचंय आणि ते मी आज करणार. एकट्यानं खड्डा खांदावा लागला तरी खांदणार."

सरपंच, साठीचे शेतकरी, माझ्याकडं आले. मग डोक्यावरची टोपी खिशात घातली.

"आधी सांगायचं ना, सायेब. खड्ड्याला टाईम लागतो." आणि मागं वळून ओरडले, "ए, टिकाव-पहारी आना रे! लाकडं मसणवाट्यात ठिवा."

बाराला ओढ्यापलीकडं खणायला घेतलं. दोन फुटांवर कडक मुरूम लागला. टिकाव मारला की ठिणग्या उडायच्या. मी शर्ट काढून उतरलो. लाकडं आणणारीच माणसं आळीपाळीनं खाली येत होती. सरपंच स्वतः घमेलं उचलत होते. मी दोनदा म्हटलं, "तुम्ही बसा." दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं नाही. ज्या लोकांना मी भ्यालो, ती ही माणसं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही हात थांबवले नाहीत. तीन वाजता खड्डा सहा फूट झाला.

मी वर्दी चढवली. 1530 ला रायफली उलट्या धरून शोकशस्त्र झालं, बिगुल वाजला, फैरी झडल्या. तिरंगा घडी घालून मार्थाबाईच्या हातात दिला. तिनं तो छातीशी धरला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नांदेडहून निघाले होते, पण वाटेत अडकले. पेटी खाली गेली तसे सरपंच माझ्या शेजारी आले. हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते.

"आता तुमच्यात काय म्हणत्यात? म्हणा तुम्ही. आम्ही हात जोडतो."

सतरा वर्षांच्या नोकरीत मी चारचौघांत प्रार्थना केली नव्हती. त्या दिवशी डोक्यावरची टोपी काढली आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात केली. आधी त्या गावाचं नाव घेतलं. मग त्याच्या आईचं. सुभाषचं सगळ्यात शेवटी घेतलं. त्यानं मला तसंच करायला लावलं असतं.