बॅटरी सगळ्यात शेवटी

शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी मोटारीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीचा प्रोजेक्ट घेतला. कॉलेज सांगलीला, खुर्ची मात्र कडेगावकडच्या एका घरासाठी. आमच्यातल्या एकाचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पुढं पाठीला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. त्याआधी रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ते भरतीच्या पोरांना पळवायचे. तिथं पुन्हा जाऊन बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

खरेदी माझ्याकडे आली. का, तर मी एकदा मेसच्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट आणली होती. तेवढ्या भांडवलावर मी नियोजनाला बसलो. पैसे हप्त्यांनी मिळणार, म्हणून स्वस्त माल आधी. दिवे, इंडिकेटर, पेन्सिल सेलवर वाजणारा हॉर्न, पाण्याची बाटली अडकवायला कडीसुद्धा. मग पुण्याहून मोटारी. बॅटरी सगळ्यात शेवटी, कारण तिची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते. आधी आणली तर तिचे महिने कपाटातच संपणार. ज्याच्या वडिलांसाठी खुर्ची, तो मित्र म्हणत होता, बॅटरी आधी घेऊ, दिव्यांवाचून काय अडतंय. मी फळ्यावर तक्ता काढून त्याला गप्प केलं. सरांनीही मान डोलावली. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

खुर्ची उभी राहिल्यावर बैठकीचं माप बघायला म्हणून ती गावी नेली. मित्राच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकांनी, बसल्या बसल्या हॉर्न वाजवला, शेळ्या बिथरल्या. बॅटरी कुठं, म्हणून विचारलं. मी वॉरंटीचं समजावलं. ते हसायला लागले. त्यांच्या पलटणीतल्या स्टोअरवाल्या क्वार्टरमास्टरनं म्हणे बूट दिले आणि नाड्या पुढच्या महिन्यात दिल्या. तेव्हापासून मी त्यांचा क्वार्टरमास्टर.

मग म्हणाले, "ब्याटरी न्हाई तर न्हाई. ढकलत न्या की रं. पोरं पळाय आली असतील."

"आवं काका, ढकललं की मोटारीचे गिअर झिजतात. दिवाळीनंतर बॅटरी आली की तुम्हीच चालवत जा."

मित्रानं माझ्याकडं बघितलं. मी मोटारींकडं बघत होतो. काका "बरं" म्हणाले आणि हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

दिवाळीच्या आधीच ते गेले. छातीत कफ झाला, तो उतरलाच नाही.

प्रोजेक्ट तर पुरा करायलाच हवा होता. परीक्षेच्या तोंडावर मी बॅटरी आणली, कोरी करकरीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हरांड्यात फेरी मारली, हॉर्न वाजवला आणि खर्चाच्या नियोजनाचं खास कौतुक केलं. मित्र खाली बसून चार्जरची वायर गुंडाळत होता. ती गुंडाळून झाली तरी त्यानं मान वर केली नाही.

निकालानंतर खुर्ची गावी पोचवायला गेलो. पडवीत ती ठेवताना मी कसंबसं म्हणालो, त्या दिवशी ढकलत न्यायला पाहिजे होती. एरवी मला शब्द कमी पडत नाहीत.

तो म्हणाला, "तू गेल्यावर आबांनी मला इचारलं, गिअर खरंच झिजतात का रं. मी व्हय म्हणलं. तू सांगितलं हुतंस न्हवं."

मग त्यानं चार्जरची पिन भिंतीत खोचली. त्या खुर्चीत आता कुणी बसत नाही. पण नुसती पडून राहिली तर बॅटरी मरते, हेही त्याला मीच सांगितलं होतं. तो अजून दर महिन्याला ती चार्जिंगला लावतो.