मिटली की मिटवली

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. चादर कितीही मोठी असो, समोरच्या टोकाला कुणीही उभं असो, तिच्या हातची घडी पडली की चारी कोपरे एकावर एक बसायचेच. बावीस वर्षं दुपारी बारा ते आठ तिनं हेच केलं होतं. इस्त्रीच्या मोठ्या रुळातून कढत चादर बाहेर यायची, जोडीदारणीनं दोन कोपरे धरायचे, हिनं दोन, एक झटका, एक पाऊल पुढे, कोपऱ्याला कोपरा, पुन्हा झटका. दिवसाला सहाशे-सातशे चादरी व्हायच्या. खांदे तर कधीच कामातून गेले होते. घरातल्या अंथरुणाची घडी घालायचा मात्र तिला मनस्वी कंटाळा होता. कुणी बोललं तर म्हणायची, "न्हाव्याचीच दाढी वाढलेली असते."

संध्याकाळी साडेसातला लागणारी मालिका तिला कधी वेळेवर बघायला मिळायची नाही, म्हणून घरात ते यंत्र आलं होतं. टीव्हीवरचं डिस्कवर उतरवून घेणारं यंत्र, डीव्हीडी रेकॉर्डर. दुकान बंद होणार होतं, शेवटच्या फळीवर हे एकटंच उरलं होतं, लेकीनं उचलून आणलं. नाव मोठं लक्षण खोटं म्हणावं, तर याला नावही धड नव्हतं. पुढच्या पट्टीवरची तीन अक्षरं पहिल्याच महिन्यात पुसून गेली. त्याचं घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढं पळायचं. वीज गेली की त्याची स्मरणशक्तीही जायची आणि ते चार शून्यं मिचकावत बसायचं. अमुक वेळेला आपोआप सुरू हो असं त्याला सांगून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. एकदा त्यानं मालिकेऐवजी पाऊण तास शेतीविषयक चर्चा उतरवली होती, आणि घडीबाईनं ती अर्धी बघितलीही होती, कारण चूक लक्षात येण्याइतकी ती जागीच नव्हती.

मग ते काम तिच्या नवऱ्यानं अंगावर घेतलं. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये चौतीस वर्षं काढून तो घरी बसला होता. गुडघे गेलेले, वेळ मात्र अजून मिनिटाला पक्की. आळीत त्याला केबिनवाले म्हणत. रोज दुपारी चारला तो यंत्राचं घड्याळ मागं सारायचा आणि असं घड्याळ बनवणाऱ्याला केबिनमध्ये एक दिवससुद्धा कुणी ठेवलं नसतं, असं यंत्रालाच ऐकवायचा. सात एकोणतीसला रिमोट हातात. जाहिरात लागली की थांबव, संपली की सुरू कर. रिमोटवरच्या 'ओके'चं रबर निघालं होतं, तिथं पेनाचं टोपण खुपसावं लागे. घडीबाई नऊच्या सुमाराला ताट मांडीवर घेऊन बसायची, तो त्या दिवसाचा भाग लावून द्यायचा, आणि दहाव्या मिनिटाला तिची मान खाली जायची. मग तो टीव्ही बंद करायचा, ताट उचलून ठेवायचा. आठशे भागांपैकी तिनं पुरते किती बघितले असतील देव जाणे.

या घरात त्या यंत्रामुळं एका शब्दाचे दोन शब्द झाले होते. डिस्क भरली की ती एकदा बंद करावी लागते, मगच दुसऱ्या यंत्रात चालते, नाहीतर ज्यात भरली त्यातच. माहितीपुस्तकातली भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. लेकीनं समजावलं होतं, "पुस्तक वाचून झालं की मिटतो ना, तशी डिस्क मिटायची. मिटली की कुठंही लावा." दुसऱ्याच दिवशी बापानं सबंध आठवड्याची डिस्क कोरी करून ठेवली. मिटायला सांगितली म्हणून मिटवली, असं त्याचं सरळ म्हणणं. लेक पोट धरधरून हसली होती. "बाबा, मिटायची, मिटवायची नाही. तुम्ही तर पाटी पुसलीत." तेव्हापासून नियम ठरला: मिट म्हणजे बंद कर, मिटव म्हणजे पुसून टाक. लोक ध चा मा करतात, इथं सगळा खेळ एका व चा होता.

ती लेक आता या घरात नव्हती. बापानं दहा ठिकाणी शब्द टाकून तिला रेल्वेच्या कचेरीत चिकटवलं होतं. कायमची नोकरी. ती सोडून, स्वतःच ठरवलेल्या नवऱ्याबरोबर ती दुसऱ्या गावी छापखाना काढायला निघून गेली. त्या दिवशी केबिनवाला एवढंच म्हणाला, "माझ्यापुरता हा विषय मिटला." यातलं मिटणं कुठलं, बंद करण्याचं की पुसून टाकण्याचं, हे विचारायची घडीबाईची छाती झाली नाही. त्याला दोन वर्षं आठ महिने होऊन गेले. लेकीचा फोन यायचा तो धुलाईखात्यात. घरी बापाच्या तोंडी तिचं नाव नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाखवायचं कुणाला?

घडीबाईनं मग आपल्यापरीनं एक वाट काढली. दर रविवारी ती डिस्क मिटायची, पाकिटात घालायची आणि "जोडीदारणीला देते बघायला" असं सांगून बाहेर पडायची. पाकीट टपालानं लेकीकडं जायचं. लेकीच्या भाड्याच्या खोलीत केबल नव्हती, जुना टीव्ही आणि डिस्क लावायचा प्लेअर तेवढा होता. फोनवर दोघी त्या मालिकेतल्या वकीलबाईबद्दलच बोलायच्या. तिची तिसऱ्यांदा गेलेली स्मृती, तिचा दुष्ट दीर. बाकीचं बोलायला गेलं की एकीला तरी फोन ठेवावा लागायचा, त्यापेक्षा दीर बरा. त्या पाकिटांवर घडीबाई तगून होती, हे तिनं स्वतःशी कधीच नाकारलं नाही.

आणि आता मालिका संपत होती. शुक्रवारी शेवटचा भाग. लेकीला सातवा महिना लागलेला, डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलेलं. नवरा दिवसभर छापखान्यात. "आई, शेवटचा आठवडा तेवढा लवकर पाठव," ती म्हणाली होती, "दिवस जात नाही गं." आवाज असा बारीक होता की घडीबाईनं त्या दिवशी दोन चादरींच्या घड्या चुकवल्या. शनिवारी सकाळी जोडीदारीण नेमकी त्याच गावी भाचीकडं जाणार होती. ती डिस्क हातोहात देणार होती.

अडचण यंत्राची होती. वर्षभर ते आज जातं की उद्या असंच चाललं होतं, आणि रोज मरे त्याला कोण रडे. पण हल्ली ते एकदा थंड झालं की भरलेली डिस्क मिटूच देत नसे. मिटायची तर भाग संपल्या संपल्या, यंत्र गरम असतानाच. म्हणजे आठ वाजता, आणि शुक्रवारी तिला साडेआठपर्यंत थांबायला सांगितलेलं. तिनं आठ वाजून दोन मिनिटांनी खात्यातल्या भिंतीवरच्या फोनवरून घरी फोन लावला. पाठीमागं धुण्याची दोन्ही पिंपं घुमत होती.

"अहो, संपला का भाग?"

"आत्ताच."

"मग ती डिस्क लगेच मिटा, वाट नका बघू माझी. यंत्र गार होईल."

"काय?"

"मिटा, वा..." तेवढ्यात पिंपानं पाणी सोडलं आणि पुढचं सगळं त्यात वाहून गेलं.

केबिनमध्ये एक नियम होता. फोनवर जो हुकूम मिळेल तो परत म्हणून दाखवायचा आणि पलीकडून होकार आल्याशिवाय खटक्याला हात लावायचा नाही. चौतीस वर्षांत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता.

"मिटवतो," तो म्हणाला.

"हो हो," ती म्हणाली, आणि पुढच्या चादरीकडं वळली.

घरी आली तेव्हा पाय हे आपले नव्हेत असं तिला वाटत होतं. चपला काढता काढताच तिनं विचारलं, "झालं का?"

"झालं. एका मिनिटात झालं."

ती तशीच उभी राहिली. डिस्क मिटायला त्या यंत्राला वीस मिनिटं लागायची. एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकायची. एका मिनिटात व्हायचं ते दुसरं काम.

"मिटली की मिटवली?"

"मिटवली. तू सांगितलंस तशी."

ती पलंगाच्या कडेला बसली. यंत्र गार झालं होतं, डिस्क आतच होती. तिनं लावून बघितली. पडद्यावर फक्त रिकामं असल्याची पाटी आली. आणि मग आयुष्यात कधी नवऱ्यासमोर आवाज न चढवलेली ही बाई बोलायला लागली. "पोरगी मिटवलीत, तेवढ्यानं भागलं नाही? आता तिची डिस्कही मिटवलीत. माझ्यासाठी नव्हती ती. एकही डिस्क माझ्यासाठी नव्हती. दर आठवड्याला तिला पाठवते मी. सातवा महिना आहे तिला, उठू देत नाहीत पलंगावरून, आणि एवढं एक मागितलं होतं तिनं. एवढं एकच. ते तुम्हाला बघवलं नाही."

केबिनवाला रिमोट हातात धरून ऐकत होता. रडण्याचीही ताकद नव्हती तिच्यात, ती नुसती धापा टाकत होती.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"कुठं जातात ते. सातवा महिना तेही. जोडीदारणीचा नवरा रोज माझ्याबरोबर आळीतल्या बाकावर बसतो." त्यानं हातातला रिमोट पुढं केला. "तुला जाहिराती चालतात. तू तर झोपतेसच. तिला लहानपणापासून जाहिरातींचा राग. मग दोन वर्षं मी त्या कुणासाठी गाळत होतो?"

घडीबाईनं त्या रिमोटकडं बघितलं. रोज त्याच खोलीत बसून ती ते बघत आली होती. पेनाचं टोपण, अंगठा, थांबव, सुरू कर. तिला कधी प्रश्नच पडला नव्हता.

"मग मिटवलीत कशाला?"

"तू म्हणालीस. मी परत म्हणून दाखवलं, तू हो म्हणालीस." त्याचा आवाज जरा हलला. "मला वाटलं, तिनंच नको म्हणून सांगितलं. आता नका पाठवू म्हणाली असेल. तिचंही बरोबर आहे, मी तरी काय केलंय तिच्यासाठी. दहा मिनिटं बसून राहिलो. मग दाबलं."

तिला ती पिंपं आठवली, पाण्याचा लोंढा आठवला, आणि आपलं "हो हो" आठवलं. वाट नका बघू, असं म्हणाली होती ती. त्या 'वाट'मधला एवढासा वा त्या 'मिटा'ला जाऊन चिकटला होता. दोष कुणाच्या पदरात घालावा हेही कळेना, आणि तेवढं त्राणही नव्हतं. त्या वाहिनीवर भाग पुन्हा दाखवत नसत. जोडीदारीण सकाळी रिकाम्या हातानं जाणार. "आता तिला काय सांगू मी?" ती म्हणाली. "वाट बघत पडली असेल पोर."

केबिनवाला गुडघ्यावर हात टेकून उठला. फोनपाशी जाऊन त्यानं आकडे फिरवले. नंबर त्यानं विचारला नाही, वहीही काढली नाही. घंटी पलीकडं वाजत होती ती खोलीतल्या शांततेत बाहेर ऐकू येत होती.

"आई?" पलीकडून आवाज आला.

त्यानं रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. घडीबाईला वाटलं, आता हा फोन ठेवून देणार. "आई, बोल ना. काय झालं?"

"मी आहे," तो म्हणाला.

केबिनवाला भिंतीकडं तोंड करून उभा होता, मान खाली घालून, साहेबापुढं चूक कबूल करायला उभा असल्यासारखा.

"डिस्क माझ्या हातून गेली," तो म्हणाला. "सबंध आठवडा. मिटायची होती, मी मिटवली."

पलीकडून मग अगदी बारीक, हसू की हुंदका हे न कळणारा आवाज आला, आणि त्यातून दोनच शब्द.

"परत, बाबा?"

"परत," त्यानं नियमाप्रमाणं म्हणून दाखवलं. मग डोळे पुसले, खुर्ची ओढली, दुखरा पाय लांब करून बसला. "रडू नकोस, तुला चालणार नाही. मी पाचही भाग बघितलेत, एकही मिनिट सुटलेलं नाही. सोमवारपासून सांगतो. सोमवारी ती वकीलबाई कोर्टाच्या पायऱ्या चढते आणि वर दीर उभा असतो. तपकिरी कोट. हातात तीच किल्ली..."

"कुठली किल्ली?"

"मागच्या महिन्यातली. कपाटाची."

"हां. आणि मग?"

घडीबाईनं ताट वाढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. तो सांगत होता, सावकाश, क्रमानं, कुणी काय घातलं होतं तेसुद्धा. मध्येच थांबून तो गप्प बसायचा, तेव्हा पलीकडून लेक विचारायची, "जाहिरात लागली का?" आणि तो म्हणायचा, "नाही, पाणी प्यायलो." घडीबाईलाही सगळं ऐकायचं होतं, शेवटापर्यंत. बावीस वर्षांचे खांदे मात्र कुणाचं ऐकत नाहीत. मंगळवारचा भाग सुरू झाला आणि घास हातात असतानाच घडीबाईचे डोळे मिटले.