ट्रकच्या बाहेरची कडी

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. लग्नातला उखाणासुद्धा घाईघाईत उरकला होता. पण माणसाची गोष्ट सांगायची तर नाव हवंच. गंगाराम. आमचे हे ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर, आणि आमचं घरही तोच ट्रक. हसू नका. तेव्हा नव्या वसाहतीत पाण्याचे पाइप टाकायचं काम चालू होतं. ट्रकच्या हौद्यावर फळ्या ठोकून, वर पत्रा टाकून खोली केली होती. अर्ध्या खोलीत अवजारं, अर्ध्या खोलीत मी. चर जिकडे सरकेल तिकडे आमचं घर सरकायचं. आज वाशी, पुढच्या वर्षी कोपरखैरणे, मग घणसोली गावाच्या कडेला.

आत पाय पसरायला जागा नाही, म्हणून ह्यांनी सगळा संसार बाहेर टांगला. ट्रकच्या अंगाला ताडपत्री बांधायच्या कड्या असतातच. ह्यांना त्या पुरेनात. भंगारातून कडी आण, हूक आण, जिथे दिसेल तिथे भोक पाड. बाई गं, काय डोकं चालायचं ह्यांचं! दोन कड्यांना साखळी लावून एक फळी अशी बसवली, की खाली सोडली की माझा ओटा आणि वर उचलली की खिडकीचं झाकण. स्टोव्हला वारा लागू नये म्हणून बाजूला पत्रा अडकवायचा. एका हुकाला दाढीचा आरसा, एकाला तुळशीचा डालडाचा डबा. खाडीचे डास माणसाला उचलून नेतील असे, तर चार कड्यांना मच्छरदाणी बांधून आम्ही बाहेरच झोपायचो, राजाराणीसारखे. एकदा साहेब तपासणीला आले आणि त्यांनी छत्री टांगली, तर हे दोन दिवस फुगून फिरत होते.

ह्या सगळ्यात ह्यांच्या जोडीला असायचा सदू. सदूभावजी परभणीकडचे, पाइप जोडायचे. बायको गिरजाबाई आणि मुलगी तिकडे गावाला, म्हणून जेवण आमच्यात. हे भोक पाडणार, ते फळी धरणार. न्हाणीची युक्ती तर त्यांचीच. मागच्या हुकाला तोटीचा डबा टांगायचा आणि भोवती जुनं लुगडं गुंडाळायचं. माझी लाज राखली त्या माणसानं, एवढंच सांगते.

सदूभावजी बौद्ध. आम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. मग एका उन्हाळ्यात माण तालुक्यातून सासूबाई राहायला आल्या. त्यांनी पाहिलं, की सदूभावजी आमच्याच पेल्यात चहा पितात. त्या जेवायच्या थांबल्या. शेवटी ह्यांनी मागच्या चाकाच्या वर एक कडी ठोकली आणि तिला जर्मनचा एक पेला अडकवला. सदूला म्हणाले, आई आहे तोवर सांभाळून घे. सदूभावजी म्हणाले, त्यात काय एवढं. त्या दिवसापासून ते तो पेला स्वतः काढायचे, स्वतः धुवायचे, परत अडकवायचे.

पावसाच्या आधी सासूबाई गावी गेल्या. पेला बाहेरच राहिला.

मी बोलले. एकदा नाही, बऱ्याचदा. म्हटलं, आता घ्या तो आत, बरं दिसत नाही. हे म्हणायचे, उद्या घेतो. त्यांचा उद्या काही उजाडेना. एकदा मी फारच बोलले तेव्हा म्हणाले, "गोजरा, आता आत घेतला तर इतके दिवस बाहेर ठेवला होता हे कबूल केल्यासारखं होईल." मी कपाळावर हात मारला. हे रोज त्या कडीवरून नजर चुकवत जायचे. चहा ओतताना सदूकडे न बघता ओतायचे. पण हात काही त्या पेल्याकडे जाईना. वर्षांमागून वर्षं गेली हो, आणि मग मीही बोलायची थांबले.

पुढे तुर्भ्याच्या एका कारखान्यात सदूभावजींना नोकरी लागली. निघाले तेव्हा आपला पेला ट्रंकेत टाकला, मला वाकून नमस्कार केला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. भांडण नाही, शब्द नाही. हे तिथून खचले. तोंडातला घास तोंडात राहायचा. सासूबाई वारल्या तेव्हासुद्धा एवढे गप्प नव्हते. रात्री दचकून उठायचे आणि म्हणायचे, मी त्याला कुत्र्यासारखं वागवलं गं.

गेल्या दिवाळीनंतर कळलं, की सदूभावजींनी कोपरखैरण्यात घर घेतलं, बायकोमुलीला आणलं. आम्हाला निरोप नव्हता. तरी हे म्हणाले, जायचं. मला माफी मागायची आहे, नाहीतर मी असाच मरेन. मी पेढे घेतले आणि आम्ही गेलो.

सदूभावजींनी दार उघडलं, "या वहिनी" म्हणाले, खुर्च्या पुढे केल्या. गिरजाबाईंनी पाणी दिलं, चहा आणला, कानवाल्या कपांत. मुलगी शाळेत गेली होती. पाइपांच्या, ठेकेदाराच्या गोष्टी झाल्या. ह्यांनी कप उचलला आणि तसाच परत ठेवला. चहा बशीत सांडला.

हे म्हणाले, "सदू, तो पेला."

सदूभावजी अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आईंचा राग न्हाई मला, गंगाभाऊ. त्या जुन्या मानूस. पन त्या गावी गेल्यावर मी रोज सकाळी ट्रकला मागून वळसा घालून यायचो. बघायला, की आज तरी पेला आत गेला का."

हे रडले. ढसाढसा, दुसऱ्याच्या घरात. सदूभावजींनी त्यांना रडू दिलं. जवळ आले नाहीत. मग म्हणाले, "चहा घ्या, निवतोय."

आम्ही चहा घेतला. त्यांनी दारापर्यंत सोडलं. पुन्हा या, असं काही म्हणाले नाहीत.

रस्त्याला लागल्यावर ह्यांनी विचारलं, "गोजरा, त्यानं माफ केलं का गं मला?"

खोटं बोलायला मला कितीसा वेळ लागतो? जन्मभर ह्यांच्या आईशी गोड बोलत आले. पण त्या दिवशी जीभ वळेना.

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी चहा दिला, ती वेगळी गोष्ट."

ह्यांनी मान हलवली आणि आम्ही बस स्टॉपकडे चालायला लागलो.